पॅकियावची उतरती कळा नेमकी कुठून मोजायची?

१९ जुलै २०२५ रोजी लास वेगासच्या एमजीएम ग्रँडमध्ये फिलिपिन्सचा मुष्टियोद्धा मॅनी पॅकियाव आणि विजेता मारियो बॅरियोस यांची लढत बरोबरीत सुटली. एका पंचाने ११५-११३ असा कौल बॅरियोसला दिला, उरलेल्या दोघांनी ११४-११४ असे समान गुण दिले आणि डब्ल्यूबीसी या जागतिक बॉक्सिंग संघटनेचा वेल्टरवेट (१४७ पाउंडांपर्यंतच्या गटाचा) किताब बॅरियोसकडेच राहिला. बॅरियोस तेव्हा तीस वर्षांचा होता आणि पॅकियावला सत्तेचाळिसावे लागून सात महिने झाले होते. जवळपास चार वर्षे त्याने एकही व्यावसायिक लढत दिली नव्हती, मे महिन्यात तो फिलिपिन्सच्या सिनेटची निवडणूक हरला होता आणि तरीही बारा फेऱ्यांच्या लढतीत त्याला हरवणे विद्यमान विजेत्याला जमले नाही.

या निकालावरून माझ्या ओळखीच्या बॉक्सिंगप्रेमींमध्ये जो वाद पेटला, तो अजून शमलेला नाही. एका बाजूचे म्हणणे असे की, सेहेचाळीस वर्षांचा माणूस जर विश्वविजेत्याशी बरोबरी करतो, तर त्याच्या उताराची भाषा करणेच चुकीचे आहे. दुसरी बाजू म्हणते की, बॅरियोस हा वेल्टरवेट गटातला दुबळा विजेता होता. त्याला जर्वोंटा डेव्हिसने २०२१ मध्ये अकराव्या फेरीत थांबवले होते, कीथ थुरमनने २०२२ मध्ये गुणांवर हरवले होते, आणि पॅकियावच्या आधीची त्याची लढतही एबल रामोसशी बरोबरीतच सुटली होती. तेव्हा अशा माणसाला न हरवता येणे हाच पॅकियाव संपल्याचा पुरावा आहे, असे ते मानतात. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात, कारण दोघांचीही नजर निकालावर आहे. पॅकियावच्या बाबतीत निकाल हा सतत दिशाभूल करणारा साक्षीदार ठरलेला आहे, आणि हे गेल्या बारा-तेरा वर्षांत इतक्या वेळा घडले आहे की आता तरी आपण दुसरीकडे पाहायला हवे.

माझे मत आधीच सांगतो. पॅकियावची उतरती कळा खरी आहे. पण ती लोक समजतात त्यापेक्षा बरीच आधी, २०११ च्या सुमारास, सुरू झाली आणि लोक समजतात त्यापेक्षा फार सावकाश पुढे सरकली. ती त्याच्या हातांत कमी आणि पायांत जास्त आहे. ज्या पराभवांनंतर वर्तमानपत्रांनी तो संपल्याचे जाहीर केले, त्यातले बहुतेक पराभव या उताराबद्दल फारसे काही सांगत नाहीत.

सर्वांत गाजलेले उदाहरण ८ डिसेंबर २०१२ चे आहे. हुआन मॅन्युएल मार्केझने सहाव्या फेरीचा शेवटचा सेकंद उरला असताना पॅकियावला असा उजवा ठोसा मारला की तो तोंडावर पडला आणि काही काळ हललाच नाही. ते दृश्य इतके भयंकर होते की त्याच्या आधीच्या पाच-साडेपाच फेऱ्या सगळे विसरून गेले. वास्तविक तिसऱ्या फेरीत खाली पडलेल्या पॅकियावने पाचव्या फेरीत मार्केझला खाली पाडले होते, त्याचे नाक रक्तबंबाळ केले होते, आणि तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर पॅकियाव ४७-४६ असा पुढे होता. शेवटच्या क्षणी तो नेहमीसारखाच उजव्या हाताची हूल देऊन आत शिरला. मार्केझ त्याच्याशी २००४ पासून लढत होता. ही चौथी लढत होती, आणि तो ज्या पावलाची वाट पाहत होता ते पाऊल त्याला मिळाले. तेव्हा पॅकियाव मंद होता म्हणून पडला असे मला वाटत नाही. तो जोरात पुढे जात असताना समोरून आलेल्या ठोशाला त्याच्या स्वतःच्या वेगाचीही जोड मिळाली. त्या रात्रीने मार्केझची चिकाटी आणि अभ्यास सिद्ध केला, पण पॅकियावच्या वयाबद्दल ती रात्र फार थोडे सांगते.

त्याच वर्षी जूनमध्ये टिमथी ब्रॅडलीविरुद्ध त्याला पराभूत ठरवले गेले तो निर्णय तर बहुतेकांना मान्यच झाला नाही. नंतर डब्ल्यूबीओ या दुसऱ्या बॉक्सिंग संघटनेने नेमलेल्या पाच पंचांनी चित्रफीत पाहून पॅकियावच्याच बाजूने गुण दिले. तरीही '२०१२ मध्ये सलग दोन पराभव' एवढीच ओळ नोंदवहीत राहिली आणि पुढची कितीतरी वर्षे ती त्याच्या उताराचा पुरावा म्हणून वापरली गेली.

मग २०११ वर बोट का ठेवायचे? त्या वर्षी तो एकही लढत हरला नाही. मे महिन्यात त्याने शेन मोस्लीला तिसऱ्या फेरीत खाली पाडले आणि सहज जिंकला. नोव्हेंबरमध्ये मार्केझविरुद्धच्या तिसऱ्या लढतीत बहुमताने जिंकला. पण मोस्लीशी लढताना पोटरीत पेटके आल्याचे त्याने स्वतः सांगितले होते, आणि मोस्ली मागे मागे पळत असताना पॅकियावला त्याचा पाठलाग करून लढत संपवता आली नाही. पेटक्यांची ही तक्रार पुढे ब्रॅडलीच्या वेळी आली आणि दहा वर्षांनी, ऑगस्ट २०२१ मध्ये योर्डेनिस उगासकडून हरल्यावर, पुन्हा आली. एखाद्या लढवय्याच्या शरीरातली एकच जागा दहा वर्षे वारंवार कुरकुर करत असेल, तर त्या जागेकडे लक्ष द्यायला हवे.

तिथेच लक्ष का द्यायचे, हे समजून घेण्यासाठी पॅकियाव तरुणपणी कसा लढायचा ते बारकाईने पाहावे लागते. तो डावखुरा आहे. उजव्या हाताच्या खेळाडूसमोर तो आपला उजवा पाय त्याच्या डाव्या पायाच्या बाहेर टाकायचा, मधल्या फटीतून डावा सरळ ठोसा मारायचा आणि तो लागला की नाही हे पाहायला न थांबता उजवीकडे निघून जायचा. प्रतिस्पर्धी मान वळवून त्याला शोधत असतानाच बाजूने दुसरी फैर यायची, कधी उजव्या हाताचा हूक म्हणजे बाजूने वळून येणारा ठोसा, कधी पुन्हा डावा. नोव्हेंबर २००३ मध्ये सॅन अँटोनियोत मार्को अँटोनियो बरेरासारखा कसलेला योद्धा अकराव्या फेरीपर्यंत असाच भोवंडत राहिला आणि अखेर त्याच्या कोपऱ्यातल्या माणसांना लढत थांबवावी लागली. ठोशाच्या ताकदीइतकीच, किंबहुना तिच्याहून जास्त, ती करामत बाजूला निघून जाणाऱ्या त्या दुसऱ्या पावलाची होती.

आता नंतरच्या लढती आवाज बंद करून पाहाव्यात. मी आवर्जून आवाज बंद करतो, कारण समालोचकांचा उत्साह आपल्या डोळ्यांवर परिणाम करतो. पहिले पाऊल तसेच आहे. आत शिरण्याचा झपाटा, डावा सरळ ठोसा, खांद्याची हूल, हे सगळे वयाच्या मानाने आश्चर्यकारक वाटावे इतके टिकून आहे. गेले आहे ते दुसरे पाऊल. ठोसे मारून झाल्यावर तो आता बहुतेक वेळा सरळ मागे येतो, किंवा समोरच उभा राहून प्रतिस्पर्ध्याला कवेत घेतो. बाजूने येणारी दुसरी फैर एखाद्या फेरीत दिसते, दोन-तीन फेऱ्या दिसत नाही. लाल मातीतला जाणता वस्ताद थकत चाललेल्या पैलवानाचे पट आणि पोटऱ्या आधी पाहतो, छाती-दंड नंतर. पॅकियावकडे पाहतानाही तोच क्रम मला योग्य वाटतो.

नॉकआउट बंद झाल्याचा मुद्दा या वादात नेहमी येतो, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. नोव्हेंबर २००९ मध्ये त्याने मिगेल कोटोला बाराव्या फेरीत थांबवले, आणि त्यानंतर थेट जुलै २०१८ मध्ये क्वालालंपूरला लुकास मॅथिसेला सातव्या फेरीत नॉकआउट केले. मधल्या तेरा लढतींत एकही प्रतिस्पर्धी मुदतीपूर्वी संपला नाही. हा कोरडा काळ त्याच्या ऱ्हासाचा सर्वांत भक्कम पुरावा मानला जातो. कोणी म्हणाले की धार्मिक झाल्यावर त्याच्यातला मारेकरी मेला. कोणी म्हणाले की २०१० मध्ये खासदार आणि २०१६ मध्ये सिनेटर झालेल्या माणसाकडून पूर्वीसारखा सराव होणे शक्यच नाही. राजकारणाचा मुद्दा मला पटतो, कारण सराव शिबिरासाठी लागणारी अखंड शांतता त्याच्या आयुष्यातून खरोखर हरवली होती. पण सर्वांत साधे कारण वजनात आहे.

पॅकियावने १९९८ मध्ये पहिले विश्वविजेतेपद मिळवले ते ११२ पाउंडांच्या, म्हणजे सुमारे ५१ किलोच्या, फ्लायवेट गटात. तोच माणूस पुढे १४७ पाउंडांच्या, म्हणजे जवळजवळ ६७ किलोच्या, माणसांशी लढत होता. नोव्हेंबर २०१० मध्ये अँटोनियो मार्गारिटोशी तो लढला तेव्हा वजनाची मर्यादा १५० पाउंड ठरली होती आणि पॅकियाव तीही गाठू शकला नाही. लढतीच्या रात्री मार्गारिटो त्याच्यापेक्षा पंधरा पाउंडांहून जड होता. तरीही पॅकियावने त्याच्या डोळ्याखालचे हाड मोडले, आणि शेवटच्या फेऱ्यांत तर तो रिंगमधल्या पंचाकडे पाहून 'थांबवा आता' अशी खूण करत होता. पंचाने लढत थांबवली नाही, म्हणून नोंदवहीत ती गुणांवरची लढत ठरली. क्रिस अल्जिएरी २०१४ मध्ये सहा वेळा खाली पडला आणि सहा वेळा उठला. तीही लढत गुणांवरच गेली. या रात्रींना 'नॉकआउट न मिळणे' म्हणून ऱ्हासाच्या खात्यात टाकणे अन्यायाचे आहे. वजनाच्या शिडीवर इतके वर चढलेल्या माणसाचा ठोसा वरच्या गटांत कमी परिणाम करणार, हे त्याचे वय काहीही असते तरी घडले असते.

आकड्यांचेही तसेच आहे. मार्च २०१० मध्ये जोशुआ क्लॉटीविरुद्ध पॅकियावने बारा फेऱ्यांत १,२३१ ठोसे फेकले. बॅरियोसविरुद्ध त्याने ५७७ फेकले, म्हणजे निम्म्याहूनही कमी. एवढे दोनच आकडे समोर ठेवले तर वाद तिथेच संपतो. पण मे २०१५ मध्ये फ्लॉइड मेवेदरविरुद्ध, छत्तीस वर्षांचा असताना, त्याने अवघे ४२९ फेकले होते, आणि चाळीस वर्षांचा असताना थुरमनविरुद्ध ६८६ फेकले. मग छत्तिसाव्या वर्षी तो जास्त म्हातारा होता आणि चाळिसाव्या वर्षी तरुण झाला, असे म्हणायचे का? क्लॉटी दोन्ही हात चेहऱ्यासमोर घट्ट धरून उभा होता, त्याच्यावर कितीही ठोसे फेकता येत होते. मेवेदर समोर सापडतच नव्हता, शिवाय पॅकियावचा उजवा खांदा आधीच दुखावलेला होता आणि लढतीनंतर त्यावर शस्त्रक्रिया झाली. आकडा सांगताना समोरचा माणूस सांगितला नाही, तर तो आकडा निरुपयोगी आहे.

जुलै २०१७ मधली ब्रिस्बेनची लढत याच प्रकारात मोडते. पन्नास हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर जेफ हॉर्न या ऑस्ट्रेलियन मुष्टियोद्ध्याने, जो एके काळी शाळेत शिकवत असे, पॅकियावला हरवले, आणि तिन्ही पंचांनी हॉर्नला विजयी ठरवले. ठोसे मोजणाऱ्यांच्या हिशोबात मात्र पॅकियावचे १८२ लागले होते आणि हॉर्नचे ९२. नवव्या फेरीनंतर रिंगमधल्या पंचाने हॉर्नच्या कोपऱ्यात जाऊन, काहीतरी करून दाखव नाहीतर थांबवतो, असा इशारा दिला होता. त्या निर्णयावर मी अजूनही नाराज आहे. पण त्या लढतीतली एक गोष्ट पॅकियावच्या चाहत्यांनी प्रामाणिकपणे मान्य करायला हवी: नवव्या फेरीत हॉर्न पायांवर डोलत असताना पॅकियाव त्याला संपवू शकला नाही, आणि दहाव्या फेरीत तो स्वतःच दमलेला दिसला. पूर्वीचा पॅकियाव अशा क्षणी थांबत नसे. त्यामुळे निकाल चुकीचा होता आणि उतार खरा होता, या दोन्ही गोष्टी एकाच रात्री एकत्र नांदत होत्या.

त्यानंतर दोन वर्षांनी थुरमनची लढत झाली, आणि तिथे नेमके उलट घडले. थुरमन तीस वर्षांचा, तोवर एकदाही न हरलेला. पहिल्याच फेरीच्या अखेरीस पॅकियावच्या उजव्या ठोशाने तो खाली बसला. दहाव्या फेरीत पोटावरच्या डाव्या ठोशाने तो कळवळला. आणि पॅकियाव दोन विरुद्ध एक अशा मतांनी जिंकून वेल्टरवेट गटाच्या इतिहासातला सर्वांत वयस्क विजेता ठरला. तेव्हा सगळ्यांनी, मीही त्यात आलो, उताराची चर्चा बंद करून टाकली. पण थुरमनचा तो काळ शस्त्रक्रिया आणि दीर्घ विश्रांतीनंतरचा होता, आणि लढतीच्या मधल्या फेऱ्यांत पॅकियावने पुन्हा पुन्हा दम खाल्ला हे चित्रफितीत स्पष्ट दिसते. तो दम खाणे हेच त्याचे नवे कौशल्य होते. पहिल्या दोन-तीन फेऱ्या आणि शेवटच्या एक-दोन फेऱ्या जोरात, मध्ये प्रत्येक फेरीत मोजक्या झडपा, बाकी वेळ डोके हलवत अंतर राखणे. पायांत बारा फेऱ्यांचा साठा उरलेला नाही हे ओळखून तो जो आहे तो कुठे खर्चायचा, याचा हिशोब त्याने बसवला होता.

हे त्याला साधले म्हणून मला तो अमेरिकन मुष्टियोद्धा रॉय जोन्सपेक्षा वेगळा वाटतो. जोन्सची सारी कला प्रतिक्षिप्त क्रियेवर उभी होती. हात खाली सोडून, हनुवटी पुढे काढून तो उभा राहायचा आणि ठोसा येताना शेवटच्या क्षणी तिथून नाहीसा व्हायचा. मे २००४ मध्ये अँटोनियो टार्व्हरने त्याला दुसऱ्या फेरीत पाडले आणि सप्टेंबरमध्ये ग्लेन जॉन्सनने नवव्या फेरीत. पस्तीस वर्षांच्या जोन्सकडे वेग गेल्यावर दुसरे काहीच नव्हते. दुसऱ्या टोकाला बर्नार्ड हॉपकिन्स आहे, ज्याने २०११ मध्ये शेहेचाळिसाव्या वर्षी जाँ पास्कलला हरवून लाइट हेवीवेट किताब घेतला आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तो पराक्रम पुन्हा केला. पण हॉपकिन्स आधीपासूनच संथ, कावेबाज, प्रतिस्पर्ध्याला गुंतवून ठेवणारा लढवय्या होता. त्याच्या शैलीला वेगाची फारशी गरज नव्हती. पॅकियाव शैलीने जोन्सच्या जवळचा आणि आयुर्मानाने हॉपकिन्सच्या जवळचा आहे, आणि ही जोडी मला दुसऱ्या कोणाच्या बाबतीत आठवत नाही. याचे मोठे श्रेय प्रशिक्षक फ्रेडी रोच यांना आहे. २००१ मध्ये हॉलिवूडच्या वाइल्ड कार्ड जिममध्ये पॅकियाव त्यांच्याकडे आला तेव्हा त्याच्याकडे फक्त एक डावा हात होता. मार्च २००५ मध्ये एरिक मोरालेसने त्याला हरवले ते त्यामुळेच. दहा महिन्यांनी त्याच मोरालेसला त्याने दहाव्या फेरीत थांबवले तेव्हा उजवा हातही कामाला लागलेला होता. तारुण्यात कमावलेला तो उजवा हात चाळिशीत थुरमनविरुद्ध कामी आला.

आता बॅरियोसच्या लढतीकडे पुन्हा येतो. नऊ फेऱ्या संपल्या तेव्हा पॅकियाव गुणांवर पुढे होता, आणि ते योग्यच होते; त्याचा डावा हात नेमका होता, बॅरियोस उंच असूनही लांब राहून लढायला कचरत होता. शेवटच्या तिन्ही फेऱ्या मात्र तिन्ही पंचांनी बॅरियोसला दिल्या. त्या फेऱ्यांत बॅरियोसने काही नवीन केले नाही. त्याने फक्त जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, जास्त वेळा मारला आणि दोन पावले पुढे येऊन उभा राहिला, आणि पॅकियावला ती दोन पावले त्याला परत मागे रेटता आली नाहीत. एकूण लागलेल्या ठोशांत बॅरियोस १२० विरुद्ध १०१ असा पुढे राहिला. थुरमनविरुद्धच्या लढतीत बारा फेऱ्यांसाठी पुरवलेला साठा या वेळी नऊ फेऱ्यांत संपला. माझ्या लेखी, त्या सहा वर्षांचा उतार एवढाच आहे: तीन फेऱ्या.

एवढाच म्हणताना तो किरकोळ आहे असे मला सुचवायचे नाही. बॅरियोस जोरदार मारणारा नव्हता, म्हणून त्या तीन फेऱ्यांची किंमत केवळ गुणांत चुकवावी लागली. समोर एखादा खरा मारेकरी असता तर तीच किंमत डोक्यावर चुकवावी लागली असती. २ ऑक्टोबर १९८० रोजी अडतीस वर्षांचा मुहम्मद अली लॅरी होम्ससमोर उभा राहिला, तेव्हाही हात सुंदर दिसत होते, शरीर घडलेले दिसत होते, आणि दहा फेऱ्या मार खाल्ल्यावर त्याचे प्रशिक्षक अँजेलो डंडी यांना लढत थांबवावी लागली. त्याच्या तीन वर्षे आधी, अर्नी शेव्हर्सच्या लढतीनंतर, डॉक्टर फर्डी पाचेको यांनी अलीने थांबावे असा आग्रह धरला होता आणि तो मानला गेला नाही म्हणून ते त्याच्या ताफ्यातून बाहेर पडले होते. अलीला १९८४ मध्ये पार्किन्सनचे निदान झाले. त्यामुळे एखाद्या विजेत्याचा उतार खरा की खोटा, हा प्रश्न मला केवळ चाहत्यांच्या वादविवादाचा वाटत नाही. उतार नाकारणारा चाहता त्या माणसाला आणखी एका लढतीकडे ढकलत असतो, आणि पॅकियाववर आमचे प्रेम असेल तर आम्ही हे काम करता कामा नये.

म्हणून मला दोन्ही बाजूंना एकच उत्तर द्यायचे आहे. जे म्हणतात तो उतरलेलाच नाही, त्यांनी दहावी, अकरावी आणि बारावी फेरी पुन्हा पाहावी. जे म्हणतात तो २०१२ मध्येच संपला, त्यांनी थुरमनची लढत पुन्हा पाहावी आणि त्या वर्षानंतर सात वर्षांनी हे कसे घडले याचा खुलासा करावा. बॅरियोसच्या तोडीच्या कोणाशी तो पुन्हा लढला तर मी ती लढत पाहीन, पण आधीच्या नऊ फेऱ्यांना टाळ्या वाजवताना दहाव्या फेरीची धास्तीही मनात असेल. आणि गटातल्या तरण्याबांड, जोरकस मारणाऱ्या एखाद्या विजेत्याशी त्याची गाठ घालून दिली गेली, तर त्या लढतीला मी उघडपणे विरोध करीन, मग पॅकियावने ती कितीही आनंदाने स्वीकारलेली असो.